पालखी का हिंदकळते?

भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताची कथा येते. लोकांत न मिसळणारा, विचारलेल्या प्रश्नाचे धड उत्तर न देणारा हा तरुण घरच्यांच्या लेखी बुद्धिहीन ठरला होता. राजा रहूगण पालखीतून निघाला असता एक भोई कमी पडला आणि वाटेत सापडलेल्या या धडधाकट माणसाला पालखीच्या दांडीखाली उभे करण्यात आले. पायाखाली जीवजंतू चिरडला जाऊ नये म्हणून तो पुढची जमीन पाहून पाऊल टाकी. साहजिकच इतरांशी त्याची चाल जुळेना आणि पालखी हिंदकळू लागली. राजाने आधी बाकीच्या भोयांना दरडावले, मग याची टिंगल केली, मग शिक्षेची धमकी दिली. ‘तू असा का चालतोस?’ एवढे मात्र त्याला विचारावेसे वाटले नाही. भरत बोलू लागला तेव्हा राजाला पालखीतून खाली उतरून त्याच्यापुढे नतमस्तक व्हावे लागले. कथेचा हा उत्तरार्ध मराठी भाषेने सोयीस्करपणे बाजूला ठेवला आणि ‘जडभरत’ हा शब्द तेवढा मंद माणसाला हिणवण्यासाठी राखून ठेवला.

भरत हा विरक्त ज्ञानी होता. आजच्या वैद्यकातले एखादे नाव त्याला चिकटवण्याचे कारण नाही. परंतु रहूगणाची चूक आजही होते, आणि ती कारखान्याच्या फाटकावर होते.

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर शिरूर तालुक्यात सणसवाडी, शिक्रापूरपासून रांजणगावपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. वाहने, शीतकपाटे, धुलाईयंत्रे येथे तयार होतात. पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत रसायने आणि औषधांची आहे. या वसाहतींसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांना तेथे काम मिळावे, ही मागणी दोन्ही तालुक्यांत जुनी आहे आणि न्याय्यही आहे. मात्र भूमिपुत्रांच्या त्या यादीत एका प्रकारचा मुलगा कधीच नसतो. तो दहावी, कदाचित बारावीही झालेला असतो. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. रेल्वेचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ असते, पण मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे त्याला जमत नाही. त्याच्या वडिलांनी त्याचे नाव कोणाला सांगितलेलेच नसते. बहिणीचे लग्न व्हायचे असेल तर मुळीच नाही.

या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, पण तो दिशाभूल करणारा आहे. स्वतःत मग्न असणे म्हणजे इतरांची पर्वा नसणे, असा अर्थ त्यातून निघतो. प्रत्यक्षात या व्यक्तींची ज्ञानेंद्रिये, त्यांचे लक्ष आणि त्यांचा संवाद निराळ्या रीतीने चालतो. सामान्य माणसाला ऐकूही न येणारी नळदिव्याची गुणगुण त्यातील एखाद्याला असह्य होते. आडवळणाने बोललेले उमगत नाही. सरळ सांगितलेले पक्के कळते. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, काही बोलतच नाहीत, तर काही पदवीधर असतात. बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर कित्येक दशके चर्चा चालली ती ‘मुलांची’. मुले मोठी होतात, त्यांनाही रोजगार लागतो, हे जणू कोणाच्या ध्यानातच आले नाही.

भारतीय कायद्यालाही ते उशिरा सुचले. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या सात प्रकारांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, पण तो कायदा मुख्यतः कल्याण आणि पालकत्व यांचा विचार करणारा. रोजगाराचा हक्क मिळाला तो २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. प्रकारांची संख्या त्याने २१ वर नेली आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के केले. मात्र यातील एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांच्या वाट्याला मिळून येतो. एका पानात पाच जण जेवायला बसवले की ज्याला हात पुढे करता येत नाही तो उपाशी राहतो. अध्ययन अक्षमता असलेला उमेदवार स्पर्धापरीक्षा आणि मुलाखत यांतून पार होण्याची शक्यता अधिक, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

खासगी कारखान्यांना आरक्षणाची सक्ती नाही. परंतु ‘आम्हांला काही लागू नाही’ हे कारखानदारांचे म्हणणे खरे नव्हे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लिहून जाहीर केले पाहिजे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांना योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, द्यावयाच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याचे नाव त्या धोरणात असावे, असे २०१७ चे नियम सांगतात. शिवाय गरजेनुसार कामाच्या रीतीत वाजवी फेरबदल करणे, हा उपकार नसून हक्काचा भाग आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केली. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र हातात नाही म्हणून परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही, असेही त्याच निकालाने ठरवले. शिरूर-दौंडच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण स्वमग्नतेचे निदान आणि प्रमाणपत्र यांसाठी तालुक्यातील कुटुंबाला बहुधा पुण्याची वारी करावी लागते. दौंडकरांना निदान रेल्वे आहे, शिरूरकरांना रस्त्याशिवाय गत्यंतर नाही. आणि गर्दीच्या एसटीत दोन तास बसणे हीच ज्याची मोठी यातना, त्यालाच घेऊन ही वारी करायची असते.

हे फेरबदल म्हणजे तरी काय? रॅम्प बांधावा लागत नाही, लिफ्ट बसवावी लागत नाही. तोंडी सूचनेऐवजी कामाच्या पायऱ्या कागदावर लिहून द्याव्यात. पाळी बदलणार असेल तर आदल्या आठवड्यात सांगावे, आदल्या रात्री नव्हे. भोंग्याजवळची जागा टाळावी, कानाला आवाजरोधक लावू द्यावेत. मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ असे न म्हणता प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगावे. उपाहारगृहात एकट्याने जेवला तर ‘फार माज आहे’ म्हणू नये. जे काम ठरलेल्या क्रमाने, नोंद चुकू न देता, दररोज तसेच करावे लागते, ते औषध कारखान्यातील वेष्टनाच्या विभागात आहे, गोदामात आहे आणि गुणवत्ता तपासणीतही आहे. नियम न वाकवणारा माणूस तेथे पर्यवेक्षकाला अडचणीचा वाटेल कदाचित, कारखान्याला वाटू नये. खरी अडचण निराळीच आहे. खालच्या पातळीवरील बरीचशी भरती ठेकेदारामार्फत होते, आणि कंपनीचे धोरण कितीही सुंदर असले तरी ते ठेकेदाराच्या टपरीपर्यंत पोहोचत नाही.

येथे एका दुसऱ्या गैरसमजाचीही दखल घ्यायला हवी. १९८८ च्या ‘रेन मॅन’ या अमेरिकी चित्रपटापासून स्वमग्न माणूस म्हणजे गणिताचा चमत्कार, अशी एक प्रतिमा लोकांच्या मनात बसली. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन्ने या पित्याने २००४ साली स्वमग्न व्यक्तींना संगणक-चाचणीच्या कामात घेणारी कंपनी काढली. ‘सॅप’ या जर्मन कंपनीने बंगळुरूतील प्रयोगानंतर २०१३ साली असाच कार्यक्रम जगभर जाहीर केला. हे उपक्रम स्तुत्य आहेत, पण त्यांतून नकळत असा अर्थ निघाला की अलौकिक बुद्धी असेल तरच जागा. दौंडच्या गुऱ्हाळावर ढेपा मोजणारा किंवा शिरूरच्या किराणा दुकानात माल लावणारा तरुण अलौकिक असण्याची गरज नाही. इतर कामगारांकडून कोणी अलौकिकत्वाची अपेक्षा करतो काय?

स्वमग्न व्यक्तींनी आपली बाजू आपण मांडावी, हा विचार तसा नवा नाही. जिम सिंक्लेअर या स्वमग्न अमेरिकी व्यक्तीने १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत जमलेल्या पालकांना सांगितले की, तुमचे मूल हरवलेले नाही, तेव्हा त्याचा शोक करू नका. पालकांना ते झोंबले. त्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ज्युडी सिंगर यांच्या लेखनातून मेंदूच्या वैविध्याची कल्पना पुढे आली: जशी सृष्टीत जैवविविधता, तशी माणसांच्या मेंदूच्या घडणीतही विविधता. अनेकत्वाचे कौतुक असलेल्या भारतीय मनाला ही कल्पना परकी वाटू नये. अर्थात पालकांचा आक्षेपही गंभीर आहे. जो बोलत नाही, ज्याला अंघोळही दुसऱ्याने घालावी लागते, त्याची बाजू परिषदेत अस्खलित भाषण करणारा कसा मांडणार? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि त्याचे उत्तर ‘म्हणून कोणालाच विचारू नका’ असे होऊ शकत नाही. न बोलणाराही नकार देतो, पसंती दाखवतो, एखाद्या जागेतून उठून जातो. ते वाचायला शिकावे लागते.

२०१६ च्या कायद्याने हीच दिशा घेतली आहे. त्यातील मर्यादित पालकत्वाची व्याख्या ‘परस्पर विश्वासाने मिळून घेतलेला निर्णय’ अशी आहे. पालकाने परस्पर घेतलेला निर्णय तीत बसत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यातील पालकत्व जुन्या वळणाचे, आणि दोन्ही कायदे आज शेजारी शेजारी नांदत आहेत. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ या चिंतेने ज्यांची झोप उडाली आहे त्या आईबापांना ही कायदेशीर बारकाई कदाचित निरर्थक वाटेल. पण पस्तिशीच्या मुलाच्या नावे बँकेत खाते कोणी उघडावे, पगार आला तर तो कोणी खर्चावा, येथपासून तिचा संबंध येतो. पुण्यात ‘कामायनी’ने, डोंबिवलीत ‘अमेय पालक संघटने’ने बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी काम आणि निवारा उभा करून दाखवला. अशा आधाराची गरज संपणारी नाही. मात्र संरक्षित कार्यशाळा आहे म्हणून कारखान्याचे फाटक बंद राहावे, हे मान्य करता येत नाही.

समान संधी धोरणाची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवणे कलम २१ नेच बंधनकारक केले आहे, आणि आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील किती आस्थापनांनी ती नोंदवली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. दोन्ही तालुक्यांत कार्यकर्त्यांची वानवा नाही. नोंदलेली धोरणे हाती आली की त्यांतील पदांच्या यादीत स्वमग्न व्यक्तीसाठी एक तरी पद आहे का, ते पाहावे. आणि ते ठरवताना एखाद्या स्वमग्न व्यक्तीला समोर बसवून, तिला वेळ देऊन, काही विचारले होते का, हा प्रश्न मनुष्यबळ अधिकाऱ्यापुढे ठेवावा.