आधी ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून बघा

नाशिकमधल्या पतसंस्था, सोसायट्या, दुकानदार आणि डीटीपीवाले, सगळ्यांना एक विनंती. बिलाचं किंवा सभासदांच्या नोंदीचं नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेता ‘मराठी चालतं’ म्हणाला, तर तेवढ्यावर पैसे मोजू नका. त्याच्यासमोरच त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी आणि दऱ्याखोऱ्या हे चार शब्द टाइप करा. कच्चं सॉफ्टवेअर पहिल्यात जोडाक्षर फोडतं. दुसऱ्यात वेलांटी ‘द’च्या उजवीकडे जाऊन बसते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाची असेल तर तिसऱ्याचा उकार छाटला जातो. चौथ्यात दऱ्यांचा दर्या होतो, नाशिकला समुद्र नसला तरी! मग नोंद सेव्ह करा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, तेच नाव शोधा आणि पावती छापा. स्क्रीनवर धड दिसणारं नाव कागदावर मोडू शकतं.

घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गडबड दिसली, तर आधी ती कसली आहे ते ओळखा. नुसते चौकोन दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. सेटिंगमध्ये जाऊन विंडोजबरोबर येणारा निर्मला किंवा फुकट मिळणारा नोटो निवडून बघा. जोडाक्षरं सुटी दिसत असतील, तरीही मजकूर जागेवर असतो, प्रोग्रामला तो जुळवता येत नाही इतकंच. विंडोज एक्सपीत तर अक्षरं जुळवण्याची सोय वेगळी चालू करून घ्यावी लागे.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र हात आवरा. सेव्ह करू नका. जुन्या धाटणीचे प्रोग्राम ‘कोड पेज’ नावाच्या अक्षरतक्त्यांवर चालतात, आणि विंडोज अशा प्रोग्रामना जे तक्ते देतं, त्यांत सहसा देवनागरीला जागा नसते. ओळख न पटलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. तसंच सेव्ह झालं, की त्या फायलीतून मूळ नाव परत मिळत नाही.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं दुखणं निराळं. त्यात ‘मराठी’ असं दिसतं, पण आत ई, जे, के, कॅपिटल बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच उघडी पडतात, आणि मराठीत शोधलेलं नाव सापडत नाही. अशा फायली सवडीने युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या. बदललेली प्रत जुन्या छापील प्रतीशी ताडा, रफार आणि ‘ऱ्य’ विशेष डोळ्यांत तेल घालून. ते होईपर्यंत मूळ फाइल पुसू नका.