मेंदू पाहणारे यंत्र आणि उंदराचे वजन

जिवंत मेंदूचे कार्य पाहायचे, तर तो मेंदू जागा हवा. ही गोष्ट साधी वाटते. परंतु प्रयोगशाळेतील लहान प्राण्यांच्या बाबतीत तीच सर्वाधिक अवघड ठरली. पॉझिट्रॉन स्कॅनरमधील उंदीर हलला, तर प्रतिमा बिघडते. म्हणून त्याला भूल द्यावी लागे. पण भूल म्हणजे मेंदूच्याच कार्यात हस्तक्षेप! ज्याचा अभ्यास करायचा तेच आधी मंद करायचे आणि मग मोजायचे, असा हा उफराटा व्यवहार होता.

अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेने प्रश्नच उलटा मांडला. उंदीर यंत्रात बसविण्याऐवजी यंत्रच उंदराच्या डोक्यावर का बसवू नये? त्यातून कड्याच्या आकाराचा 'रॅटकॅप' हा स्कॅनर साकारला. त्याची माहिती २०११मध्ये 'नेचर मेथड्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्यातील पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनशी भिडून नष्ट झाला की दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात; ते कड्यातील स्फटिक टिपतात. कड्याचे वजन सुमारे २५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ उंदराएवढेच! म्हणून ते वरून स्प्रिंगच्या आधारे तोलून धरले गेले. उंदीर फिरू शकला आणि त्याच्या मेंदूतील डोपामाइन व त्याचे वर्तन यांचे निरीक्षण एकाच वेळी करता आले.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दोन ग्रॅमहूनही हलका सूक्ष्मदर्शक सादर केला. जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमच्या लहान उंदरालाही तो डोक्यावर वागविता येतो. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने 'मिनिस्कोप' या अशाच उपकरणाचे आराखडे सर्वांना खुले केले.

या साधनांसाठी प्राण्यावर शस्त्रक्रिया करावी लागतेच, हे नाकारून चालणार नाही. पण एकाच प्राण्याचे निरीक्षण पुनःपुन्हा करता आले, तर प्रयोगासाठी लागणाऱ्या प्राण्यांची संख्या घटते. पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्येच मांडली होती. भारतातही प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६०पासून आहे. मात्र करुणा केवळ कायद्याच्या कलमांत राहून भागत नाही. ती यंत्राच्या आराखड्यात उतरावी लागते. येथे वाचविलेला प्रत्येक ग्रॅम हा त्या मुक्या जिवावरील उतरलेला भार असतो.

उपकरण घडविणाऱ्याला विज्ञानात दुय्यम मानण्याची प्रवृत्ती म्हणूनच सोडली पाहिजे. तयार यंत्र विकत घेणाऱ्याला त्या यंत्राच्या मर्यादेतलेच प्रश्न विचारता येतात. यंत्र घडविणारा नवा प्रश्न विचारू शकतो. आराखडे खुले आहेत. भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालये आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा यांनी एकत्र बसून हात चालविण्याची गरज आहे.