गल्ल्यावरच्या माणसाला विचारले का?



दुकानासाठी स्वतःचे ॲप बनवून घेण्याची टूम आता आपल्या अंबरनाथ पूर्वेतही येऊन पोहोचली आहे. परिचयातील एका भांड्यांच्या ठोक व्यापाऱ्यांनी असे ॲप करवून घेतले. काम करणारी मुले हुशार होती. दर पंधरा दिवसांनी झालेले काम दाखवीत आणि हप्ता घेऊन जात. मात्र हे दाखविणे होई ते शेठजींच्या चिरंजीवांसमोर, केबिनमध्ये, मोठ्या पडद्यावर. सहा महिन्यांनी ॲप गल्ल्यावर आले, तेव्हा मुनीमजींनी पहिलाच प्रश्न केला, "पातेली किलोवर जातात आणि कुकर नगावर. एकाच बिलात दोन्ही कसे लिहू?" उत्तर मिळाले की दोन बिले करावी लागतील. समोर गिऱ्हाईक उभे, दारात टेम्पो उभा. आज त्या दुकानात बिल पूर्वीप्रमाणेच हाताने होते आणि ॲपमध्ये रात्री आकडे भरले जातात, म्हणजे काम कमी होण्याऐवजी एक वाढले.

यात कोणाचा अप्रामाणिकपणा नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्या मुलांनी जी पद्धत वापरली तिला ॲजाइल म्हणतात आणि ती चांगलीच पद्धत आहे. पूर्वी सॉफ्टवेअर इमारतीसारखे बांधीत: आधी संपूर्ण आराखडा, मग बांधकाम, शेवटी ताबा. दोन वर्षांनी ताबा मिळेपर्यंत गरजच बदललेली असे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जाणकार एकत्र आले आणि त्यांनी या जुन्या रीतीविरुद्ध एक छोटा जाहीरनामा लिहिला. थोडे थोडे करा, चालू स्थितीत दाखवा, बदल सांगितला तर कुरकुर करू नका, असा त्याचा मथितार्थ. साधारण दोन आठवड्यांच्या कामाच्या तुकड्याला 'स्प्रिंट' म्हणतात. आज पुण्या-बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी हा शब्द सतत असतो.

तथापि हे सतरा जण प्रामुख्याने प्रोग्राम लिहिण्याच्या बाजूचे होते. वस्तू वापरणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला कशी वाटेल, याचा विचार करणारा जो दुसरा व्यवसाय आहे, म्हणजे यूएक्स किंवा वापर-अनुभवाची रचना, त्याला या घाईत कोठे बसवावे हा प्रश्न तेव्हापासून रेंगाळत राहिला. प्रोग्रामर म्हणतो, सोमवारपासून काम सुरू, पडदे कसे दिसणार ते आजच सांगा. रचनाकार म्हणतो, आधी मला दुकानात चार दिवस बसू द्या. आपल्या परिभाषेत सांगायचे तर दोन्ही नय खरे आणि दोन्ही एकांगी.

यावर सर्वांत व्यवहार्य तोड २००७ साली डेझिरे साय या कॅनडातील बाईंनी लिहून ठेवली. रचनाकाराने प्रोग्रामरच्या एक फेरी पुढे राहावे. प्रोग्रामर या पंधरवड्याचे काम करीत असताना रचनाकाराने पुढच्या पंधरवड्याचे पडदे कागदावर तयार करून माणसांपुढे तपासावेत, त्याच्याही पुढच्या फेरीसाठी माहिती गोळा करावी आणि मागच्या फेरीत तयार झालेले काम वापरून पाहावे. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात डोकावलेल्यांना हे समजावण्याची गरज नाही. मशीनवरचे कारागीर आजचा माल शिवत असतात, तेव्हा कटिंग मास्तर पुढच्या लॉटचे कापड कापत असतो. मास्तर मागे पडला तर मशीन रिकामी, आणि मास्तरालाच वगळले तर काय होईल ते सांगायला नको.

आता हे सारे करण्याने खरोखर फरक पडतो काय? बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला आकड्यांशिवाय समाधान होत नाही. सुदैवाने यावरचे एक भक्कम काम आपल्या जवळच, पवईला झाले आहे. मुंबई आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे. तेथील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांनी एन. एल. सारडा व संजय त्रिपाठी यांच्यासह २०१० मध्ये दोन मापे मांडली. पहिले माप पद्धतीचे: प्रकल्पात वापरणाऱ्याचा अभ्यास, रचना, तपासणी ही कामे किती प्रमाणात मिसळली गेली. दुसरे माप मालाचे: वापराच्या सुलभतेची जी उद्दिष्टे आरंभी ठरविली होती, ती किती साधली. नंतर उद्योगांतील ६१ प्रकल्पांना ही मापे लावून पाहिली. पहिले माप जेथे चांगले तेथे दुसरेही चांगले, असा स्पष्ट संबंध निघाला.

त्यातील दोन निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत. ॲजाइल पद्धतीच्या प्रकल्पांत हा परिणाम जुन्या पद्धतीच्या प्रकल्पांपेक्षा काहीसा अधिक दिसला. आणि कंपनीने स्वतःच्या विक्रीसाठी बनविलेल्या वस्तूंपेक्षा, दुसऱ्याच्या सांगण्यावरून कंत्राटाने करून दिलेल्या कामांतही तो अधिक दिसला. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे एम.कॉम.च्या संख्याशास्त्रात आम्हाला घोकून घेतले होते, म्हणून मी यावरून फार मोठे विधान करणार नाही. परंतु ॲप बनवून घेणारा व्यापारी म्हणजे कंत्राट देणाराच असतो, आणि रचनेच्या कामात काटकसर करण्याचा मोह सर्वांत जास्त त्यालाच होतो. "डिझाइनचे वेगळे पैसे कशाला?" हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे! (याच जोशींच्या चमूने 'स्वरचक्र' हा मोबाइलवरचा मराठी कळफलकही केला. व्यंजनाला बोट लावले की भोवती स्वरांचे चक्र उघडते. ज्यांना फोनवर मराठी लिहिणे जड जाते त्यांनी पाहावा.)

वापरणारा आणि बनविणारा जवळ असले की काय घडते, याचे उदाहरण आपल्या बहुतेक दुकानांत आजही चालू आहे. टॅली हे कोणा संगणकशास्त्रज्ञाच्या डोक्यातून आलेले नाही. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायासाठी मनाजोगते हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंकांना ते बनवायला सांगितले. १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. गिऱ्हाईक साक्षात वडील आणि तेही व्यापारी! एफ-आठ दाबले की विक्री, एफ-नऊ दाबले की खरेदी. दिसायला ते कधीच फारसे देखणे नव्हते, पण मुनीमांची बोटे त्यावर न पाहता चालतात. यूएक्स म्हणजे रंगरंगोटी असे समजणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

तेव्हा ॲप बनवून घ्यायचेच असेल तर करारात काही गोष्टी लिहून घ्याव्यात. काम सुरू होण्यापूर्वी रचनाकार गर्दीच्या वेळी दुकानात निदान दोन दिवस बसेल. दर पंधरवड्याचे प्रात्यक्षिक केबिनमध्ये न होता गल्ल्यावर होईल, आणि फोन मालकाच्या नव्हे तर मुनीमजींच्या हातात असेल. त्या वेळी बनविणाऱ्याने गप्प राहायचे. "इथे दाबा" असे सांगावे लागले की तेथे दोष आहे असे नोंदवायचे. माणसे फार लागत नाहीत. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली हिशेब मांडला होता की एका फेरीत पाच माणसे पुरतात, मात्र फेऱ्या पुन्हा पुन्हा व्हाव्यात. आपल्याकडे मुनीमजी, एक विक्रेता, गोदामातला मुलगा आणि दोन नेहमीची गिऱ्हाइके असे पाच सहज जमतात. उद्दिष्टही आकड्यात लिहावे, उदाहरणार्थ किलो आणि नग मिळून दहा ओळींचे बिल दोन मिनिटांत. शेवटचा हप्ता त्या बिलाशी जोडावा. कर्ज देताना आम्ही हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी जोडीत असू, तसेच हे.

काही पालक विचारतात की मुलीला चित्रकलेची आवड आहे आणि माणसांत रमते, पण शाखा वाणिज्य. तिला या क्षेत्रात वाव आहे काय? आहे. पवईच्या त्याच संस्थेत बी.डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठीची यूसीड ही प्रवेश परीक्षा मुंबई आय.आय.टी.च घेते आणि तिला कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो. परीक्षा साधारणतः जानेवारीत असते आणि अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, म्हणून दिवाळीच्या धावपळीत तारीख निसटू देऊ नये.