रात्रीच्या रस्त्यावर आपली गाडी दिसते का?



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते आणि औषधे यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेतकऱ्याच्या बाहेरचा नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की आपला माल, आपले बैल आणि आपली माणसे रात्ररात्र रस्त्यावर असतात. ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचला पाहिजे, आणि गाडीवान सुखरूप घरी परतला पाहिजे.

एका हंगामातली गोष्ट सांगतो. रात्री साडेनऊचा सुमार होता. शेतकऱ्यांची सभा आटोपून मी मोटारसायकलने परतत होतो. उसाने भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ती मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. कशीबशी गाडी बाजूला काढली. उशीर झाला होता, म्हणून मी थांबलो नाही. सकाळी कळले, की माझ्यामागून तासाभराने आलेला एक तरुण तिच्यावर आदळला. ज्यांच्या रानात मी हरभऱ्याचे प्रात्यक्षिक घेतले होते, त्यांचाच तो धाकटा मुलगा. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला.

मी जाऊन ती ट्रॉली पाहिली. मागच्या फाळक्याला दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर होते. पण एकावर मोळ्यांची टोके लोंबत होती आणि दुसऱ्यावर चिखलाचा थर होता. रिफ्लेक्टर असूनही नसल्यासारखेच. मी थांबून चिखल पुसला असता, तर दोन मिनिटे लागली असती. ही रुखरुख मला अजून आहे, म्हणून हा लेख.

रिफ्लेक्टर काम कसे करतो, हे समजले की तो कुठे लावायचा आणि कसा राखायचा हे आपोआप कळते. रात्री गोठ्यात बॅटरी घेऊन गेलात तर बैलाचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. डोळ्यात दिवा नसतो. बैलाच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. बाहेरून आलेला उजेड त्यावर आपटून आल्या वाटेनेच परत फिरतो. आपली बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ असते, म्हणून तो आपल्याला दिसतो. रस्त्यावरचे रिफ्लेक्टर आणि फलक नेमके हेच करतात.

उजेड परत पाठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली काचेच्या मण्यांची. फलकावरच्या चकाकत्या कागदात केसाच्या जाडीइतके बारीक काचेचे गोल मणी बसवलेले असतात. उजेड मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या चकचकीत थरावर आपटतो आणि उलट फिरतो. दुसरी रीत कोपऱ्याची. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि जमीन मिळते, तिथे रबरी चेंडू जोरात फेका. तो तिन्ही बाजूंना आपटून बहुधा आपल्याकडेच येतो. प्लास्टिकच्या लाल रिफ्लेक्टरच्या आतल्या बाजूला असे शेकडो छोटे कोपरे असतात.

यावरून एक गैरसमज दूर करावा. पुष्कळ जण म्हणतात, "चकचकीत पत्रा ठोकला आहे, मग रिफ्लेक्टर कशाला?" पत्रा आरशासारखा असतो. समोरचा उजेड तिरपा पडला, की तो तिसरीकडेच फेकतो. पांढरा चुना उजेड चारी दिशांना उधळतो, जसे मुठीने फेकून पेरलेले बी. ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. रिफ्लेक्टर मात्र पाभरीने पेरल्यासारखा उजेड ठरल्या ओळीत, ड्रायव्हरच्या डोळ्याकडे पाठवतो.

मुलांनी घरी हा प्रयोग करावा. रात्री गाडीपासून पंचवीस पावलांवर उभे राहून बॅटरी किंवा मोबाईलचा दिवा कानशिलाजवळ धरावा आणि रिफ्लेक्टरकडे पाहावे. मग तोच दिवा भावाच्या हाती देऊन त्याला दहा पावले बाजूला उभे करावे. पहिल्या वेळी रिफ्लेक्टर पेटल्यासारखा दिसेल, दुसऱ्या वेळी मंद. खांबावरच्या दिव्याखाली पाहून "आपला रिफ्लेक्टर चमकत नाही" असे ठरवू नये.

रस्त्यावरचे फलकही असेच तयार होतात. अॅल्युमिनियमचा पत्रा कापून, तेलकटपणा काढून स्वच्छ करतात. त्यावर हा परावर्तक कागद रुळाने दाबून, हवा न राहू देता चिकटवतात. अक्षरे आणि चित्रे छापतात किंवा कापून लावतात. आकारालाही अर्थ असतो. त्रिकोण सावध करतो, गोल आज्ञा देतो, चौकोन माहिती देतो. "थांबा" हा फलक अष्टकोनी असतो, म्हणजे तो आकारावरूनच ओळखू येतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या गरम रंगावर रव्यासारखे काचेचे मणी टाकतात. जोराच्या पावसात पट्टीवर पाणी साचले, की मण्यांचे काम मंदावते आणि पट्टी दिसेनाशी होते. त्या वेळी गाडी हळूच चालवावी.

फलकाचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला लावणे किंवा त्यावर वाढदिवसाचे पोस्टर चिकटवणे म्हणजे वळणावरचा दिवा विझवणे होय.

इंग्लंडात यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे रस्तेदुरुस्तीचे काम करणाऱ्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्याच्या मधोमध बसवायच्या काचेच्या "मांजरडोळ्यांचे" पेटंट घेतले. त्यांची खरी हुशारी काचेत नव्हती. काच रबराच्या खोबणीत बसवलेली होती. चाक वरून गेले की ती खाली दबे आणि रबर पापणीसारखे तिला पुसून काढी. काच मळली की ती निकामी, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या गाडीला अशी पापणी नाही. ते काम आपल्या हातातल्या फडक्याचे आहे.

आता थोडा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे १७ ते २५ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. काळीकुट्ट, बिनदिव्याची ट्रॉली डिम दिव्यात जेमतेम ४०-५० मीटरवरून दिसते. म्हणजे दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. स्वच्छ रिफ्लेक्टर मात्र दीडशे मीटरच्याही पलीकडून लक्ष वेधतो. तेवढ्या अंतरात ड्रायव्हर सावध होतो आणि आपला माणूस वाचतो.

तेव्हा हंगामाआधी एवढे करावे. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावावी. टायरगाडीलाही लावावी. बैलाच्या डोळ्यांतला रिफ्लेक्टर समोरच्याला दिसतो, पण ट्रक मागून येतो. त्या बाजूचे काम निसर्गाने केलेले नाही, ते आपण करायचे आहे. पट्टी लावताना जागा घासून, धुऊन, वाळवून घ्यावी. तेलाच्या बोटांनी चिकटवू नये. भरलेल्या गाडीची टोके जिथे लोंबतात, त्याच्या मागे एक छोटी लाकडी फळी दोरीने बांधावी आणि त्या फळीला रिफ्लेक्टर लावावा. फड सोडताना सर्व पट्ट्यांवरून ओले फडके फिरवावे.

गाडी बंद पडली, तर शक्यतो रस्त्याच्या खाली घ्यावी. मागे सुमारे पन्नास पावलांवर लाल परावर्तक त्रिकोण ठेवावा. झाडाची फांदी किंवा दगड रात्री उजेड परत पाठवत नाहीत. आणि निघताना दगड तिथेच राहिले, तर पुढच्या माणसाच्या चाकाखाली येतात.

आणि जाणाऱ्याने? मी केले ते करू नये. अंधारात उभी गाडी दिसली तर थांबावे, फडक्याने पट्टी पुसावी, मागून येणाऱ्याला बॅटरीने खूण करावी. चांगल्या शेजाऱ्याचे हेही एक काम आहे.

ज्यांच्या मुलाचा पाय अधू झाला, त्यांच्या रानात यंदाही मी गेलो. बांधावर त्यांची टायरगाडी उभी होती. मागच्या फळीला नवी लाल पट्टी होती. त्यांची सून ओल्या फडक्याने ती पुसत होती. मी काही सांगण्याची गरज नव्हती.

आपल्याही घरात हे आजच होऊ द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा शेतीकडे वळू.