प्रत्येक दुखणे 'वात' नसते!

उत्तर नागपुरातील कोणत्याही वस्तीत जा, घरटी एक तरी माणूस गुडघा नाहीतर कंबर धरून बसलेला दिसेल. काय झाले म्हणून विचारा, उत्तर ठरलेले आहे : 'वात आहे!' आमच्या बापांनी एम्प्रेस मिल, मॉडेल मिलमध्ये उभ्याने पाळ्या काढल्या. आमच्या आयांनी डोक्यावरून विटा वाहिल्या, मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. त्यांचे सांधे झिजले यात नवल ते काय? पण चौदा वर्षांचा पोरगा रात्रभर मांडीचे हाड धरून रडतो, आठ महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजतात आणि तिथेही आम्ही 'वात', 'नजर', 'वाढीचे दुखणे' म्हणून मोकळे होतो, तेव्हा मात्र आम्हाला आमच्याच समाजबांधवांशी भांडावेसे वाटते.

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, असे तथागतांनी सांगितले. आम्ही कारण सोडून थेट उपायाच्या मागे धावतो.

हे कारण नागपूरला नवे नाही. १९५८ सालीच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी इथल्या लोकांच्या रक्तातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. गोंड, परधान, तेली, कुणबी समाजातही तो आहे. लाल पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला प्राणवायू मिळत नाही आणि हाड अक्षरशः ओरडते. हे सांध्याचे नव्हे, रक्ताचे दुखणे आहे. मग गुडघ्याला तेल चोळून रक्त कसे सुधारणार?

आता आमच्या लोकांत चालणारे उपचार शेजारी शेजारी ठेवून पाहू. गंडा, दोरा, अंगारा यांवर शब्द खर्च करण्याची गरज नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते असूच नयेत. (असतात, हे आम्ही पाहिले आहे.) मालीश आणि शेक यांना मात्र आम्ही हसणार नाही. आजीने गरम कापडाने दिलेला शेक सिकलसेलच्या दुखण्यातही आराम देतो. वाईट आहे तो बर्फ. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणे वाढते. खेळताना लागले समजून पोराच्या गुडघ्यावर बर्फ ठेवणारे सुशिक्षित पालक आजीपेक्षा जास्त चुकतात.

खरा धोका पुडीत आहे. 'वातावर रामबाण' म्हणून बिननावाचे चूर्ण विकले जाते. दोन दिवसांत माणूस चालू लागतो, कारण अशा कित्येक पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले असते. झिजलेल्या गुडघ्याच्या म्हाताऱ्यालाही ते महिनोन् महिने दिले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सिकलसेलच्या रुग्णाला तर पुडी बंद होताच दुखणे दुप्पट होऊन उलटू शकते आणि खुब्याचे हाड मरण्याचा धोका वाढतो. दुखले की सुई मारून घेण्याची सवयही अशीच. वेदनाशामक औषध लागते, जरूर लागते, पण सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच दुबळे असते. डायक्लोफिनॅकसारखी औषधे न विचारता, वर्षानुवर्षे घेणे म्हणजे एका दुखण्यासाठी दुसरे विकत घेणे होय.

मग कामाचे काय? गोष्ट साधी आहे. भरपूर पाणी, नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर ते औषधच. फोलिक ॲसिड. ताप आला की अंगावर न काढता दवाखाना. आणि ज्यांना वारंवार दुखते त्यांच्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया. नागपूरच्याच मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी ६० मुलांवर दीड वर्ष अभ्यास केला. रोज किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेतही दुखण्याचे झटके खूपच कमी झाले. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. पण औषध दुकानात कुणीतरी म्हणते, 'ही तर कॅन्सरची गोळी!' आणि आई घाबरून गोळी बंद करते. होय, ती काही कॅन्सरमध्येही देतात. म्हणूनच ठराविक काळाने रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची असते. ती वेदनाशामक नाही; गुण यायला काही महिने लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून पुडीवाल्याकडे परत जाणे हे आमच्या समाजाचे मोठे नुकसान आहे.

याचा अर्थ प्रत्येक दुखणे सिकलसेल असाही नाही. २००६ आणि २०२४ मध्ये चिकनगुनियाने नागपूरकरांचे सांधे कसे धरले होते ते आठवा. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे हेच पहिले औषध आहे. आणि 'वाहक' म्हणजे रुग्ण नव्हे. त्याच्या कंबरदुखीचे खापर सिकलसेलवर फोडू नये. म्हणूनच तपासणी हवी. आधी सोल्युबिलिटी, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी.

अमेरिकेतील काळ्या बांधवांचा हाच आजार. तिथल्या दवाखान्यांनी लक्ष दिले नाही तेव्हा ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत स्वतः सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. आम्ही १९७२ मध्ये त्यांच्याकडून पँथर हे नाव घेतले, त्वेष घेतला. रक्ततपासणीचे टेबल तेवढे घ्यायचे राहून गेले. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून सिकलसेलग्रस्तांची चळवळ बांधली, पण विहाराविहारात, जयंतीच्या मंडपाशेजारी हे टेबल लागले पाहिजे होते. डीजेच्या खर्चात किती तपासण्या होतील, याचा हिशेब मंडळांनीच करावा.

शासनालाही आम्ही सोडणार नाही. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चे उद्दिष्ट, भर आदिवासीबहुल भागांवर. आदिवासी बांधवांचा तो हक्कच आहे. पण इंदोरा, कामठीची बौद्ध वस्ती 'आदिवासीबहुल' नाही म्हणून ती मागे राहता कामा नये. हायड्रॉक्सीयुरिया प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, बारा महिने मिळाले पाहिजे. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्याचे काय? त्यात सिकलसेल हे दिव्यांगत्व म्हणून मान्य आहे, पण नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे वर्षातून चार वेळा दवाखान्यात पडणाऱ्या पदवीधराला कागदावर दिव्यांग म्हणायचे आणि नोकरीच्या अर्जात धडधाकट! त्याचा खुबा निकामी होऊन तो लंगडू लागला की मग तो अस्थिव्यंगात बसू शकतो. कलम ३४ मध्ये दुरुस्ती करून रक्ताचे आजार त्यात घाला, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत मांडावी, आणि मांडली की नाही हे पुढच्या मतदानाआधी त्यांना विचारले जाईल.