गाव पाहायचे तर आषाढात

घरून काम करण्याची सोय २०२० नंतर अनेकांच्या अंगवळणी पडली आणि मुंबई-पुण्यातल्या तरुण आईवडिलांच्या बोलण्यात एक बेत वारंवार येऊ लागला: मुले लहान आहेत तोवर कोकणात जाऊन राहावे. गुहागर, दापोली, मालवण, वेंगुर्ले अशी नावे निघतात. मग डिसेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी गाडी काढून गाव पाहून येतात. ऊन कोवळे असते, समुद्र शांत असतो, मासळी ताजी मिळते, मुले दिवसभर वाळूत खेळतात आणि परतीच्या वाटेवर निर्णय जवळजवळ झालेला असतो. या बेताला माझा विरोध नाही, उलट तो पार पडावा असेच वाटते. पण गाव पाहण्याची ही रीत चुकीची आहे. लहान मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या गावात कायमचे जायचे असेल, तर ते गाव आषाढ-श्रावणात, आठवड्याच्या मधल्या वारी पाहिले पाहिजे आणि तिथेच निर्णय घेतला पाहिजे. मुलाचे आयुष्य सुट्टीत जात नाही. शाळा, ताप, पाऊस, गेलेली वीज आणि संध्याकाळी खेळायला कोण येणार, यांत ते जाते. डिसेंबरातल्या दोन दिवसांत यातले काहीच दिसत नाही.

गुहागरचेच उदाहरण घेऊ. गाव तालुक्याचे, व्याडेश्वराचे, नारळी-पोफळीच्या बागांचे. किनारा लांब, सरळ आणि देखणा. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, पर्यटकांवर चालणाऱ्या बऱ्याच खाणावळी मिटलेल्या असतात. त्या दिवसांत एखाद्या भाड्याच्या घरात शिरून पाहावे. समुद्राकडे तोंड करून मोठ्या काचा लावलेल्या नव्या बंगल्यात पश्चिमेचा वारा पाणी खिडकीच्या फटीतून आत ढकलतो. संडासाचे दार फुगून बसत नाही. कुलपाला गंज चढतो. कपाटातल्या दप्तरावर आणि चामड्याच्या बुटांवर पांढरट बुरशी येते, चादरी तीन-तीन दिवस वाळत नाहीत. जुन्या घराची माणसे पडवीला झापे बांधतात, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढतात, समुद्राकडची बाजू बुटकी आणि बंद ठेवतात. हे कौतुकाने टिपण्याचे सौंदर्य नाही. दम्याची किंवा वारंवार छाती भरण्याची सवय असलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी घरातली ओल हाच घर घ्यावे की नाही याचा पहिला निकष आहे, आणि तो जुलैतच कळतो.

पण ओलीवर उपाय असतात. रस्त्यावर तितके सोपे उपाय नसतात, आणि किनाऱ्यावरच्या गावाची खरी परीक्षा तिथे आहे. पाहायला आलेला माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. राहणाऱ्यासाठी गावाचे दार मात्र पाठीमागे, डोंगराच्या बाजूला असते. गुहागरचे ते दार चिपळूण. सुमारे पंचेचाळीस किलोमीटर अंतर, शृंगारतळीवरून जाणारा रस्ता, पुढे मुंबईला महामार्ग आणि कऱ्हाडला कुंभार्ली घाट. मोठे रुग्णालय, रेल्वे, तज्ज्ञ डॉक्टर, सगळे त्या दारापलीकडे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले, बाजारपेठ बुडाली, महामार्गावरच्या जुन्या पुलाचे नुकसान झाले. गुहागर समुद्रकाठी असून बुडाले नाही, पण ज्या शहरावर ते औषधापासून डिझेलपर्यंत अवलंबून आहे, तेच काही दिवस उभे राहू शकले नाही. त्याच्या पाच वर्षे आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली इथे राहायला जाऊ पाहणाऱ्याने म्हणूनच आपल्या गावाइतकेच महाड, माणगाव, खेड यांच्याकडे पाहिले पाहिजे. नकाशातले किलोमीटर फसवे असतात. पावसात, रात्री अकरा वाजता, धुक्यात आणि खड्ड्यांतून बालरोगतज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागतात, हा एकच आकडा हवा, आणि तो ती वाट त्या वेळी एकदा गाडीने कापल्याशिवाय मिळत नाही.

आरोग्याच्या बाबतीत लोक ‘दवाखाना आहे का’ एवढेच विचारतात आणि उत्तर ‘आहे’ असेच मिळते. ग्रामीण रुग्णालय असते, प्राथमिक आरोग्य केंद्र असते, १०८ ची रुग्णवाहिका असते. विचारायचे ते पुढचे. बालरोगतज्ज्ञ गावात राहतात, की आठवड्यातून ठरल्या वारी चिपळूणहून येतात? रात्री ड्यूटीवर प्रत्यक्ष कोण असते? नेब्युलायझर चालू आहे का, आणि वीज गेली तर कशावर चालतो? कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर फुरसे सापडते, लाल विंचूही आढळतो. लाल विंचवाचे विष मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला फार लवकर गाठते, कारण तेवढेच विष लहान शरीरात जाते आणि हृदयावर ताण येतो. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपचार रूढ केला. ज्या दंशाने पूर्वी पोरे हाती लागत नसत, ती वेळेवर औषध मिळाले तर वाचू लागली. हे ज्ञान कोकणातच जन्मले आहे, म्हणून तर आरोग्य केंद्रात जाऊन प्राझोसिन आणि सर्पदंशावरची लस आज कपाटात आहे का, हे विचारण्यात संकोच नको. सर्पदंशाच्या लसीची मात्रा मुलाच्या वजनावर नव्हे तर विषावर ठरते, त्यामुळे लहान मुलालाही मोठ्याइतक्याच कुप्या लागतात. दोन-चार कुप्यांचा साठा पुरत नाही. गावातल्या मेडिकलवाल्याशी दहा मिनिटे बोललात तरी बरेच कळते. कोणती औषधे संपतात, कोणती चिपळूणहून मागवावी लागतात आणि किती दिवसांनी येतात, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

शाळेबद्दल बोलताना एक आक्षेप आधीच येतो, आणि तो वजनदार आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये स्थापन झाल्यापासून राज्यात सतत पहिले येते. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९ टक्क्यांच्या वर होता. मग शाळांची कसली चौकशी करायची? निकाल खरा आहे आणि त्यामागे शिक्षकांची मेहनतही खरी आहे. पण तो दहावीपर्यंत टिकलेल्या मुलांचा निकाल आहे. पहिलीत जाणाऱ्या मुलाला रोज काय मिळेल, याचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर पटावर असते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले, कारण कमावत्या वयाची माणसे मुंबईला गेली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा आकडा समतेचा नसून गेलेल्या पुरुषांचा आहे. त्याचा परिणाम शाळेच्या बाकावर दिसतो. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट वीसच्या आत आहे, दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकाच खोलीत सांभाळतात. मन लावून शिकवणारा शिक्षक असेल तर अशी वर्गखोली शहरातल्या साठ मुलांच्या वर्गापेक्षा कितीतरी चांगली, हे मी मनापासून मानतो. पण तो शिक्षक बदलीच्या यादीत आहे का, शाळा टिकणार की दुसऱ्या शाळेत विलीन होणार आणि आपल्या मुलीच्या इयत्तेत तिच्या वयाची आणखी किती मुले आहेत, हे जुलैतल्या एखाद्या मंगळवारी शाळेत बसूनच कळते. इयत्तेत एकटीच असणारी सात वर्षांची मुलगी कितीही सुंदर किनाऱ्यावर राहिली तरी एकटीच असते. पावसाच्या इशाऱ्यामुळे जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, तेव्हा घरून काम करणाऱ्या आईवडिलांचे काय होते, हेही त्याच महिन्यात कळते. कारण बहुधा त्याच दिवशी वीज आणि नेटवर्कही गेलेले असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती.

समुद्राविषयी थोडेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता, खवळलेला दिवसही नव्हता. किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलाला कुठे उतरायचे, ओहोटीचे पाणी कुठून ओढते, हे कोळ्यांच्या मुलांकडूनच शिकावे लागते. ती मैत्री जमेल अशा वस्तीत घर आहे की कुंपणाआड, चौकीदार असलेल्या प्रकल्पात, हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

यावर कोणी म्हणेल, आमचे आजी-आजोबा तिथेच वाढले, त्यांनी कुठे पाहणी केली होती? केली नव्हती, कारण त्यांना गरज नव्हती. कोणाच्या घरी जीप आहे, कोणती सुईण हाताची आहे, नदीला उतार कुठे मिळतो, हे चार पिढ्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर होते. आणि तरीही त्या पिढीत दर घरात एखादे मूल गेलेले असे. नव्याने येणाऱ्याला ते ज्ञान वारशाने मिळत नाही. ते त्याला विचारून, पायी फिरून मिळवावे लागते. दुसरा आक्षेप असा की शहर कुठे सुरक्षित आहे? मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोक गाड्यांत गुदमरले. हवेचे तर विचारायलाच नको. हे सगळे मान्य. पण शहरातल्या संकटात काय करायचे, कोणाला फोन करायचा, हे आईवडिलांना माहीत असते. तेवढीच माहिती किनाऱ्यावरच्या गावाविषयी आधी मिळवावी, एवढेच माझे मागणे आहे. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: लहान मुलांना घेऊन भर पावसात फिरायचे कसे? फिरू नये. पहिल्या फेरीला मोठ्यांनीच जावे, एसटीने जावे, तिथल्या स्टँडवर सकाळी गणवेशातली मुले कुठून कुठे जातात ते पाहावे. मुलांना नंतर न्यावे. आणि एक फेरी मे महिन्यातही करावी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात त्याच महिन्यात टँकर फिरतात, किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, आणि घरमालक दाखवतो ती विहीर डिसेंबरात नेहमीच भरलेली असते.

जमीन घेण्याची घाई तर मुळीच करू नये. शेतजमीन घ्यायची तर कायद्याने खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि कोकणातल्या एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामाईक नावे असणे नवलाचे नाही. आधी भाड्याने, किमान एक पूर्ण पावसाळा.

ही पाहणी केवळ येणाऱ्या कुटुंबाच्या हिताची आहे असेही नाही. कोकणात बंद घरे आधीच पुष्कळ आहेत: चाकरमान्यांची, जी गणपतीला उघडतात; आणि आता पाहुण्यांची, जी डिसेंबरात उघडतात. उत्साहात आलेले आणि दुसऱ्या पावसाळ्यात मुले घेऊन परतलेले कुटुंब आणखी एक कुलूप मागे ठेवते, जमिनीचा भाव वाढवून ठेवते, आणि ज्या शाळेचा पट दोनने वाढला होता तो पुन्हा दोनने उतरवते. विचारपूस करून आलेले आणि टिकलेले कुटुंब मात्र पटसंख्येत मोजले जाते, ग्रामसभेत बोलते, आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागेसाठी पत्र लिहिते. त्यामुळे गावांनीही या पाहणीला अंगण मोकळे करून द्यावे. जून ते सप्टेंबर पर्यटकांच्या खोल्या रिकाम्याच पडलेल्या असतात. ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांनी मिळून त्यातल्या काही खोल्या स्वयंपाकघरासह, चार महिन्यांच्या माफक भाड्याने, मुले असलेल्या कुटुंबांना द्याव्यात. शाळेने त्या मुलांना जूनच्या मध्यापासून वर्गात बसू द्यावे. ऑक्टोबरात त्यातली निम्मी कुटुंबे परत गेली तरी कोणाचे नुकसान नाही, आणि जी राहतील ती पाऊस पाहून राहिलेली असतील.