बंद करून परत चालू करा!

खेडला पाऊस लागला की जगबुडी चढते आणि वीज लपंडाव खेळते. वीज परतली की विहिरीचा पंप आपोआप चालवणारा डबा कधी जागा होतो, कधी नुसता दिवा लावून बसतो. विकणारा म्हणतो, "काका, बंद करून परत चालू करा. कोकणची हवाच दमट!" अहो, मग तो ऑटोमॅटिक कसला?

हवेला कशाला बदनाम करता? वीज क्षणभर जाते तेव्हा डब्यातला दाब शून्यावर येतच नाही. अर्धवट उतरून परत चढतो. रीसेटचा कपॅसिटर रिकामा होत नाही आणि मायक्रोकंट्रोलर अर्धवट झोपेत बरळतो. खरं तर एटीमेगा ३२८पी सारख्या चिपमध्ये 'ब्राउनआउट' नावाचा पहारेकरी आतच असतो. दाब, समजा, ४.३ व्होल्टच्या खाली गेला की चिपला निजवायचं, पुरेसा झाला की उठवायचं, एवढंच त्याचं काम. पण कारखान्यातून तो झोपलेलाच येतो. त्याला जागं करायला एक सेटिंग पुरतं, जादा पैसा नाही!

तेवढं करायचं नाही आणि म्हाताऱ्या माणसाला भर पावसात, ओल्या हातांनी बटण दाबायला विहिरीवर पिटाळायचं, याला तंत्रज्ञान नव्हे, आळस म्हणतात. डबा घेताना रंग बघू नका. पहारेकरी जागा आहे का, ते विचारा.